मत नसलेल्या निवडणुकीची ड्यूटी

मी शिक्षक, शहापूरचा. शाळा मात्र कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्याचे दोन जिल्हे झाले. शाळा पालघरात गेली, घर ठाण्यात राहिलं. शहापूर, मुरबाड भिवंडी लोकसभेत. म्हणून २८ मे २०१८ची पालघरची पोटनिवडणूक मी पाहिली ती मतदान अधिकारी म्हणून. तिथे माझं मत नव्हतं.

खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारीला गेले. २०१४ला ते २ लाख ३९ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. म्हणजे जागा भाजपकडे होती. पण त्यांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेकडून उभा राहिला आणि भाजपने काँग्रेसचे माजी मंत्री राजेंद्र गावित यांना आणलं. राज्यात एकाच सरकारात बसलेले दोन पक्ष इथे समोरासमोर. शिवाय बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, काँग्रेसचे दामू शिंगडा, माकपचे किरण गहला.

आमच्या केंद्रावर सकाळी एक आजी आल्या. यादीत नाव सापडलं, मी मोठ्याने वाचलं. शाई लावून घेताना त्या विचारू लागल्या, "गुरुजी, वनगासाहेबांचा पोरगा कुठं हाय? कमळावर ना?"

"आजी, ते मला सांगता येत नाही. यंत्रावर फोटो आहेत, नीट बघा."

नियमाने मी दुसरं काही बोलू शकत नव्हतो. त्या आड गेल्या आणि बराच वेळ बीप वाजलाच नाही. मागे रांग कुरकुरायला लागली. ज्या कमळावर त्यांनी वनगांना ओळखलं, तिथे आता दुसराच चेहरा होता. शेवटी बीप वाजला. कुणाला मत दिलं ते त्यांनाच ठाऊक. पण आदिवासी मतदार सांगेल तिथे बटण दाबतो म्हणणाऱ्यांनी तो वेळ पाहायला हवा होता.

दुपारी व्हीव्हीपॅट बंद पडलं. त्या दिवशी ठिकठिकाणाहून अशा तक्रारी आल्या. उन्हाचं कारण दिलं गेलं. बदली यंत्र येईपर्यंत बाया पोरं घेऊन व्हरांड्यात बसून राहिल्या. पाण्याचा हंडा टाकून आलेल्या त्या. तरी बऱ्याचजणी मत देऊनच गेल्या.

३१ मेला गावित २९,५७२ मतांनी जिंकले. वर्षभरात लोकसभेची निवडणूक पुन्हा आली, युती जुळली आणि तेच गावित शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहून निवडून आले.

पक्षांचं पक्षांपाशी. माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. रिकामी जागा भरायला कायदा सहा महिने देतो. जानेवारीत रिकाम्या झालेल्या जागेचं मतदान मार्चमध्ये घेता आलं असतं. मेअखेर विहिरी आटतात, वीटभट्टीवर गेलेली कित्येक कुटुंबं परतलेली नसतात. आमच्या यादीतली अनेक नावं त्या दिवशी कुणी पुकारलीच नाहीत. यापुढे तारीख ठरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.