मापाचा ब्लाउज

बायकांच्या कपाटातला सगळ्यांत चहाडखोर कपडा कुठला असेल, तर ब्लाउज. साडी बिचारी मोठ्या मनाची. साडेपाच मीटर कापड, कुणीही नेसावं. लग्नातला शालू पंचविशीत नेसा नाहीतर साठीत, दोन निऱ्या कमी-जास्त, एवढाच फरक. आजीची नऊवारी तर सडपातळ नातीलाही येते आणि भरल्या अंगाच्या सुनेलाही. ब्लाउज मात्र एका बाईचा, तोही एका सालचा. दंडाला बाही काचली, हूक लागेना, की त्यानं तोंड उघडलंच.

आमचे टेलरकाका याचं दुःख करत बसत नाहीत. ब्लाउज उलटा करतात, बगलेखालची शिवण बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, "माया आहे." शिवतानाच त्यांनी दोन्ही बाजूंना कापड आत सोडलेलं असतं. ब्लेडनं जुनी टीप उसवायची, जरा अलीकडे नवी मारायची, झालं. आतून बाहेर आलेल्या त्या पट्टीनं कधी ऊन पाहिलेलं नसतं. बाकीचा ब्लाउज विटलेला आणि तेवढी रेघ कोऱ्या मोरपिशी रंगाची.

माझ्या पोटावर तशाच रेघा आहेत. गरोदरपणात कातडी ताणली जाते, तिचा आतला थर जागोजागी विरतो. तिथे आधी लालसर-जांभळे वळ दिसतात आणि पुढे हळूहळू ते चंदेरी होतात. क्रीमवाल्यांनी या रेघांवर पुष्कळ पैसा कमावलाय, रेघा जागच्या जागी. काकांच्या दुकानात ती मोरपिशी पट्टी हातात घेतली आणि वाटलं, बिघडलंय कुठे काय? जागा लागली, वाढवून घेतली.

प्रमाणबद्ध बांधा नेमका कुणाचा, हे शोधायचा उद्योग १९४५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये झाला होता. सुमारे पंधरा हजार तरुण स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून 'नॉर्मा' नावाचा पुतळा घडवलेला होता. तिथल्या वर्तमानपत्रानं स्पर्धा लावली, हिच्याशी कोण जुळते? जवळपास चार हजार जणींनी आपापली मापं पाठवली. नऊच्या नऊ मापं जुळली अशी एकही निघाली नाही. आता यात चूक कुणाची? पुष्कळ तज्ज्ञांनी ठरवलं, बायकांची! त्यांची प्रकृतीच म्हणे ढासळलेली. पुतळ्याला कुणी बोल लावला नाही.

शरीर तर दिवसभरातही एका मापाचं राहत नाही. मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बुटका होतो. पन्नाशीत तर कंबर आपला मुक्कामच हलवते. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं आणि आधी मांड्यांवर साचणारी चरबी पोटाशी येऊन बसते. डॉक्टर चाला म्हणतात. मी चालते, गुडघ्यांसाठी नि साखरेसाठी. लग्नाच्या पंगतीत "सुटलीस गं अंगानं" म्हणणाऱ्या मावश्यांसाठी मात्र एक पाऊल जास्त टाकत नाही.

शिंप्याकडे मापाला जुना ब्लाउज द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. सोय तर आहेच, शिवाय आकडा चारचौघांत ऐकावा लागत नाही. दिवाळीआधी पैठणीचं ब्लाउजपीस घेऊन गेले, तेव्हा काकांनी सवयीनं विचारलं, "मापाचा आणलाय?"

"नाही. अंगावरूनच घ्या."

त्यांनी गळ्यातला टेप काढून सुनेच्या हातात दिला. ती एकेक आकडा खणखणीत आवाजात सांगत गेली, काका वहीत उतरवत गेले. छाती, कंबर, मुंढा, दंड. फॉल-पिकोसाठी थांबलेली कॉलेजातली मुलगी मोबाइलमधून मान वर करून ऐकत होती. ऐकू दे.

"मागचा गळा नेहमीसारखा बंदच ना, ताई?"

"छे! चांगला खोल ठेवा. नाडी लावा. आणि लटकनं हवीत, मोठी."