पोवळें आणि आमची नदी

आमच्या चंद्रपुरास समुद्राचें दर्शन नाहीं. तरीहि ‘विद्रुम’ आणि ‘प्रवाल’ हे अमरकोशांतले शब्द आम्हीं ३५ वर्षें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आपल्या नद्यांचें पाणी गोदावरींतून समुद्रास मिळतें; तिच्या मुखाशीं पोवळें सांपडतें काय?” उत्तर ठाऊक नव्हतें, म्हणून आम्हीं त्यासच दटावून खालीं बसविलें.

सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांच्या आग्रहानें मालवणास गेलों. ओहोटीच्या वेळीं सिंधुदुर्गाजवळ नावाड्यानें पाण्यांतील तपकिरी गोळे दाखविले. आम्हांस ते धोंडेच वाटले. तो म्हणाला, “हीं पोवळीं. हात लावूं नका, मास्तर, जिवंत आहेत.”

घरांतील बायकांच्या गळ्यांत शोभतें तें तांबडें पोवळें निराळ्या वंशाचें. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतलें. हें दगडी पोवळें म्हणजे इवल्या जीवांचें एकत्र कुटुंबच! प्रत्येक जीव आपल्यापुरतें चुन्याचें घर बांधतो, आणि त्याच्या देहांत राहणारें सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करून त्यास देतें. म्हणून त्यास पाणी हवें उबदार, उथळ आणि नितळ. लक्षद्वीप व अंदमान यांच्याभोंवतीं तसें पाणी आहे. मालवणास पावसाळ्यांत नद्यांचा गाळ येतो. तेथें थोड्या, सोशीक जातीच तग धरतात. इंडोनेशिया व फिलिपाईन्सच्या बेटांभोंवतीं मात्र ५०० हून अधिक जाती नांदतात. तेथून पूर्वेस प्रशांत महासागरांतील दूरच्या बेटांकडे जावें, तसतशा त्या विरळ होतात. अर्थात् ऊबहि बेतानेंच हवी. १९९८ सालीं समुद्र फाजील तापला, तेव्हां लक्षद्वीपचीं पोवळीं पांढरीं पडून पुष्कळ मेलीं.

परततांना त्या मुलाचा प्रश्न आठवला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते व सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. आमच्या शेतारानांतली माती तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. गोड्या पाण्याचा तो गढूळ लोंढा पोवळ्यास सूर्य दिसूं देत नाहीं. म्हणून गोदावरीच्या मुखाशीं पोवळ्यांचे बेट नाहीं, आणि त्याच उपसागरापलीकडे अंदमानास तें फुलतें. उत्तर आमच्याच उशाशीं वाहत होतें. आम्हीं मात्र कोश उघडून बसलों होतों.

तो मुलगा आतां पन्नाशीस आला आहे. दरवर्षीं दसऱ्यास सोनें देऊन तो आमच्या पायां पडतो. यंदा तो वांकण्यापूर्वींच आम्ही त्याचें उत्तर त्यास देणार आहों, आशीर्वाद मागाहून.