लस आली कोठून? पैसा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या पुतणीचे बाळ दीड महिन्याचे झाले, म्हणून ती त्याला घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात लस द्यायला गेली. घरी आली ती कुरकुरतच. म्हणाली, "काका, सुई दिली, पोलिओचे थेंब दिले, वर आणखी एक औषध तोंडात घातले. जुलाबाची लस म्हणे! फुकट मिळते म्हणून किती औषधे द्यायची लेकराला? पुढच्या वेळी नको म्हणून सांगते."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. खातेवही समजते, औषधातले समजत नाही. उत्तर दिले ते आमच्या मुलीने. ती बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, "ताई, ती रोटाव्हायरसची लस आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तिन्ही वेळा द्यायची. सोडू नकोस."

जुलाब हा शब्द ऐकला आणि आमच्या डोळ्यांपुढे १९८८ सालचा श्रावण उभा राहिला. आम्ही तेव्हा चौथीत होतो. धाकटी बहीण अकरा महिन्यांची. तिला उलट्या-जुलाब लागले. आजी म्हणाली, दात येतायत, पोट जाणारच. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आईने तिला पदरात गुंडाळून इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. तेवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. आईने तो "उशीर" जन्मभर मनाशी धरून ठेवला. बहिणीला हाच विषाणू होता की दुसरा, हे कोणी तपासले नाही. गरिबाच्या लेकराच्या जुलाबाला त्या काळी नाव विचारण्याची पद्धतच नव्हती.

मुलीला आम्ही म्हटले, ही लस आली कोठून ते नीट सांग. तिने आठ-दहा दिवस वाचून आम्हाला समजावले. ते वाचकांपुढे ठेवतो, कारण ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरातील पाळण्याशी संबंधित आहे.

रोटाव्हायरस १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रुथ बिशप या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. हा विषाणू श्रीमंत देशांतील मुलांनाही होतो. नुसत्या स्वच्छ पाण्याने तो टळत नाही. परंतु मरतात ती प्रामुख्याने गरिबांची मुले, कारण त्यांना सलाईन वेळेवर मिळत नाही. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराजकिशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवल आढळले. तिथल्या काही नवजात बाळांच्या पोटात हा विषाणू होता, पण बाळांना जुलाब नव्हते. पुढे त्या बाळांना या विषाणूचा जोराचा आजारही कमी झाला. म्हणजे निसर्गानेच एक सौम्य विषाणू तयार करून ठेवला होता. त्याला ११६ई असे नाव मिळाले. लस बनवायची ती यातूनच, असे ठरले.

पण ठरवणे वेगळे आणि करणे वेगळे. एकट्या इस्पितळाचे ते काम नव्हते. १९८७ साली भारत आणि अमेरिका यांच्या सरकारांत लसींच्या संशोधनाचा करार झाला. भारत-अमेरिका लस कृती कार्यक्रम त्याचे नाव. आपल्या बाजूने केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, त्यांच्या बाजूने राष्ट्रीय आरोग्य संस्था. या करारामुळे दिल्लीचा विषाणू अमेरिकेतील प्रयोगशाळांत तपासला गेला, लशीसाठी घडवला गेला आणि नंतर हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीकडे आला. बहीण गेली त्याच्या आदल्याच वर्षी हा कागद सह्या होऊन तयार होता, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो.

आता कारकुनाच्या सवयीने आम्ही हिशोब मांडला. पैसा कोणी घातला? भारत सरकारने, अमेरिकेच्या सरकारने, शेवटच्या मोठ्या चाचणीसाठी नॉर्वेच्या संशोधन परिषदेने आणि ब्रिटनच्या सरकारनेही. गेट्स फाउंडेशनसारख्या खासगी संस्थेचा पैसा होता. कंपनीनेही आपला घातला. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर आपण जो कर भरतो त्याचा. नॉर्वेतील कोळ्याचा आणि ब्रिटनमधील बसचालकाचाही. ज्यांनी आपली वस्ती कधी पाहिली नाही, त्यांचाही वाटा आपल्या बाळाच्या तोंडात पडतो. म्हणूनच सरकारला एक डोस एक डॉलरला देण्याचे कंपनीने कबूल केले. बाजारातील परदेशी लस त्याच्या कितीतरी पट महाग होती.

परंतु या जमाखर्चात एक रकाना राहून जातो. २०११ साली शेवटची चाचणी सुरू झाली ती दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू येथे. होय, एक जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो, त्याच्या शेजारचे वढू. एकूण ६,७९९ बाळे त्यात होती. तिघांतल्या दोघांना खरी लस आणि एकाला नुसते दिसायला तसे औषध. बाजारात दुसऱ्या लसी असताना हे योग्य का, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला. दोन्ही गटांतील मुलांवर उपचार झाले, हे खरे. तरी आक्षेप रास्त होता, असे आम्हाला वाटते. ज्या मातांनी आपले लेकरू शास्त्राच्या हाती दिले, त्यांची नावे कोणत्याच समारंभात घेतली गेली नाहीत. पैसा देणाऱ्यांइतकाच त्यांचाही वाटा आहे.

चाचणीत दिसले की लस जोराचा आजार निम्म्याहून थोडा अधिक टाळते. सगळा नाही. पण लाखो बाळांच्या देशात निम्मा म्हणजे किती पाळणे, याचा विचार करा. २०१४ साली परवाना मिळाला, २०१६ साली चार राज्यांत सरकारी लसीकरणात सुरुवात झाली आणि २०१९ सालापर्यंत देशभर. आता पुण्यात तयार होणारी दुसरी लसही आहे. तिचेही मूळ अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेतले.

हे सगळे ऐकल्यावर पुतणी एवढेच म्हणाली, "म्हणजे फुकट नाही की हो काका!" आम्ही म्हटले, नाही बाई. आधीच भरलेले आहे.

आता आमची चूक सांगतो. मुलीने एम.एस्सी. करून संशोधनात जावे म्हटले, तेव्हा आम्हीच तिच्यापुढे बँकेच्या कारकुनी परीक्षेचा अर्ज ठेवला होता. पाच वर्षे प्रयोगशाळेत घालवून पोट भरेल का, ही आमची काळजी. नातेवाईकही तेच म्हणाले. पण हिशोब मांडताना लक्षात आले की कर भरणाऱ्यांत आपण आहोत, चाचणीला लेकरे देणाऱ्यांत आपल्यासारखेच आहेत, दवाखान्याच्या रांगेत आपण आहोत. फक्त सूक्ष्मदर्शकाच्या पाठीमागे आपण किती आहोत? १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर. तोही जनतेचाच पैसा होता. त्याचे त्यांनी काय केले, हे या वाचकांना सांगायला नको.

तो अर्ज आम्ही परत कपाटात ठेवला. मुलगी एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. पुढे काय होईल ते होवो.

समाजबांधव आणि माता-भगिनींना विनंती एवढीच. लशीचे तिन्ही डोस पुरे करा. तरीही जुलाब लागले तर दातांवर ढकलू नका, जलसंजीवनी पाजा आणि लगेच दवाखाना गाठा. आणि घरात एखादे मूल विज्ञान शिकू म्हणत असेल, तर राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, बार्टीची फेलोशिप यांची माहिती विहाराच्या फळ्यावर लावा. अर्ज भरायला अडचण आली तर आम्ही कारकून आहोतच. रविवारी विहारात भेटा.

जयभीम!