परसातला हौद

थोरल्या भाईजानांनी कुवेतच्या कमाईतून गावी घर बांधले, तेव्हा मागच्या परसात पोहण्याचा तलावही बांधून घेतला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, साडेचार फूट खोल. निळ्या टाइल्स, उतरायला स्टीलची शिडी. खेड तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्यात तो बघायला माणसे येत. भाईजान त्याला ‘पूल’ म्हणत, अम्मी मात्र शेवटपर्यंत ‘हौद’च म्हणाली. दोन उन्हाळे मुले त्यात डुंबली. मग भाभी मुलांना घेऊन तिकडेच गेल्या, मोटर जळाली आणि घर सांभाळायला आम्ही दोघे नवरा-बायको राहिलो.

बारा वर्षे आम्ही त्या बाजूचे दारच फारसे उघडले नाही. पाणी हिरवे, मग काळे झाले. नारळाच्या झावळ्या कुजल्या. एकदा धामणही निघाली. मुले पडतील या भीतीने आम्ही एक मोठी ताडपत्री अंथरली, कडेला चिरे ठेवले आणि काम झाले असे समजलो.

जुलैत शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. आठ दिवस इस्पितळात होता. आरोग्यसेविका घरोघर तपासणी करत आमच्या परसात आली. आम्हाला वाटले, ती त्या घाण पाण्याकडे बोट दाखवेल. तिने ताडपत्रीचा खोलगट भाग दाखवला. तिथे पावसाचे नितळ पाणी साचले होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणजे संरक्षण म्हणून अंथरलेल्या ताडपत्रीनेच घात केला होता. मुलाला चावलेला डास आमच्याकडचाच होता, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. आम्हाला मात्र झोप लागेना. संध्याकाळी शेजारी जाऊन माफी मागितली. मुलाची आई काही बोलली नाही. तिने चहा ठेवला.

ताडपत्री त्याच दिवशी काढली. ठेकेदाराने नव्या टाइल्स, फिल्टर, मोटर धरून पावणेतीन लाखांचा हिशेब दिला. आमच्याजवळ चाळीस हजार होते. भाईजानांची नोकरी नुकतीच सुटलेली, त्यांच्याकडे मागणे शक्य नव्हते. निदान उपसून तरी टाकू म्हटले, तर गावच्या मिस्त्रींनी अडवले. भर पावसात जमिनीतले पाणी वर आलेले असते. रिकामा हौद ते खालून उचलते, तळ फुटतो. तेव्हा एप्रिलपर्यंत आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे सोडून ठेवले. (गप्पी असतील तर ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, मासे मरतात. आम्ही ती चूक करणारच होतो.)

त्या दिवसांत बसल्या बसल्या एक हिशेब मांडला. हौदात सुमारे 25 हजार लिटर पाणी मावते. आमचे छप्पर हजार चौरस फुटांचे. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 9 हजार लिटर पाणी वाहून जाते, आणि आमच्याकडे जुलैत एवढा पाऊस एखाद्या दिवसातही होतो. म्हणजे तीन दिवसांच्या पागोळ्यांत हौद भरेल. तरी दर मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि आम्ही टँकर विकत घेतो! वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे लहानपणापासून ऐकलेले. इस्राफ म्हणजे नळ उघडा ठेवणे एवढेच आम्हाला माहीत होते.

भाईजानांना फोन करणे सर्वांत अवघड गेले. पूल आता पूल राहणार नाही, हे सांगायचे होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मुलं तर येत नाहीत. करा तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

एप्रिलमध्ये पंप भाड्याने आणून उपसा केला. गाळ नारळांच्या आळ्यांत गेला. निखळलेल्या टाइल्सच्या जागी सिमेंटचा गिलावा, भेगांत पाणी न झिरपणारा मसाला. छपराला पन्हळी आणि पाइप, तोंडाशी बारीक जाळी. सर्वांत महाग पडले ते वरचे लोखंडी झाकण आणि त्यावरची डास अडवणारी जाळी, पण तिथे काटकसर केली नाही. एकूण 43 हजार लागले. वरचे तीन हजार मिस्त्रींनी ईदपर्यंत थांबून घेतले.

या मे महिन्यात टँकर आला नाही. पिण्याचे पाणी विहिरीचेच, पण वुजू, धुणे, भांडी हौदावर. शेजारच्या घरीही पाइप टाकून दिला आहे. तो मुलगा रोज संध्याकाळी जाळीतून पाणी किती उरले ते बघतो आणि आम्हाला येऊन सांगतो.

शिडी भंगारात द्यायची होती, चांगले पैसे आले असते. भाईजानांनी परवा व्हिडिओ कॉलवर हौद दाखवायला सांगितले. मोबाइल जाळीवरून फिरवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “शिडी काढली नाहीस ना रे?”

नाही काढली.