खोकडाचा माळ: सुप्यापासून नान्नजपर्यंत

खोकड हा कुत्र्याच्या कुळातला महाराष्ट्रातला सर्वांत लहान प्राणी. शास्त्रात त्याला व्हल्पिस बेंगालेन्सिस म्हणतात. हिमालयाच्या पायथ्यापासून भारताच्या दक्षिण टोकापर्यंतचे मोकळे, कोरडे प्रदेश हे त्याचे घर. भारतीय उपखंडाबाहेर ते जगात कुठेच सापडत नाही. वजन दोन-तीन किलो, म्हणजे घरातल्या मांजराएवढे. अंग दीड-दोन फुटांचे आणि शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब. पाठ करडी, पाय तांबूस-पिवळे, कान मोठे व टोकदार, आणि झुपकेदार शेपटीचे टोक काळेभोर. वाळल्या गवतात बसलेले खोकड दिसत नाही. ते उठून पळू लागले की आधी ते काळे टोक दिसते.

मराठी माणसाला हा प्राणी नावाने फारसा ठाऊक नाही, कारण त्याचे नाव कोल्ह्याच्या नावाखाली दबले आहे. कोल्हा खोकडाच्या तिप्पट वजनाचा आणि नात्याने लांडग्याला जवळचा. संध्याकाळी सामूहिक कोल्हेकुई करतो तो हाच. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आणि पंचतंत्रातले करटक-दमनक हेही त्याचेच. इसापनीतीत द्राक्षांकडे पाहून माघारी फिरणारा प्राणी मात्र ग्रीसमधला खराखुरा खोकडवर्गीय होता. ती गोष्ट मराठीत आली तेव्हा त्याचाही कोल्हा झाला. पुढे पाठ्यपुस्तकांतून, चित्रांतून, भाषांतरांतून दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव चिकटले. गावाकडच्या गुराख्यांच्या आणि धनगरांच्या बोलण्यात मात्र खोकड वेगळे राहिले.

हे नाव एकदा शास्त्राच्या दारापर्यंतही गेले होते. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी 1800 साली या प्राण्याला बंगालवरून नाव दिले. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी 1831 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दख्खनच्या खोकडाला त्यांनी वेगळी जात मानून ‘कॅनिस कोक्री’ म्हटले. कोक्री हे इथल्याच बोलीतल्या नावाचे रूप होते. दोन्ही प्राणी एकच असल्याचे पुढे ठरले, आणि नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकले. साइक्स ज्या दख्खनच्या माळांवर फिरले, त्यांच्या उरलेल्या तुकड्यांवरून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्याहून सोलापूरपर्यंत गेलो. पिल्ले बिळाबाहेर खेळू लागण्याचा हा काळ.

पहिला मुक्काम बारामती तालुक्यातल्या सुप्याचा. सासवड, जेजुरी, मोरगाव मागे टाकले की डोंगर बुटके होत जातात आणि पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांतून इथवर वर्षाला जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पोचतो. मुरमाड जमीन, पातळ माती, कुसळी, पवना आणि मारवेल ही गवते, अधूनमधून हिवर, बोर आणि तरवड. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 सालचे, अवघे 5.14 चौरस किलोमीटरचे. लोक तिथे चिंकारा पाहायला जातात. पहाटे सहाच्या सुमारास मलाही आधी चिंकारेच दिसले. मग एका बोरीच्या जाळीतून करड्या रंगाची लहानशी आकृती बाहेर आली, जमिनीकडे कान लावून थांबली आणि चारही पाय उचलून पुढे झेपावली.

खोकडाच्या शिकारीची रीत ही अशी. लांडगा सावज दमवतो, खोकड ते ऐकते. मोठे कान हलवून गवताखालच्या उंदराची जागा ते हेरते आणि वरून झडप घालून पुढच्या पायांनी त्याला दाबते. त्याच्या डोळ्यांतली बाहुलीही लांडग्यासारखी गोल नाही, मांजरासारखी उभी चिरेसारखी असते. दिवसाच्या प्रखर उन्हात ती बारीक मिटते, तिन्हीसांजेला रुंद उघडते. पहाट, संध्याकाळ आणि रात्र ही त्याच्या वावराची वेळ. दुपार ते बिळात किंवा झुडपाच्या सावलीत काढते. शिकारीला ते बहुधा एकटेच निघते, कारण उंदीर, नाकतोडा किंवा सरडा हे एकाच तोंडाचे अन्न आहे.

त्याचा आहार मोसमाप्रमाणे बदलतो. उंदीर, टोळ, भुंगेरे, कोळी, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी हे नेहमीचे. पहिल्या पावसानंतर वाळवी उडू लागली की तिच्यावर ते ताव मारते. बोरे पिकली की बोरे, जांभळे पिकली की जांभळे. मोरगाव-सुपे भागात पाहिलेल्या त्याच्या विष्ठेत उंदराचे केस, भुंगेऱ्यांची चकाकती कवचे आणि बोरांच्या बिया एकत्र होत्या. त्या बिया दूरवर पडतात आणि रुजतात, म्हणून माळावरच्या बोरींच्या पसाऱ्यात खोकडाचाही वाटा असतो.

दुसरा मुक्काम इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी. इथले गवत राखण्यात गावकऱ्यांचा मोठा हात आहे, आणि आता वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारीही इथे चालते. सोबत आलेल्या वनरक्षकांनी लांबूनच एका मातीच्या बांधाकडे बोट दाखवले. बांधाच्या पोटात तीन भोके होती, तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा. आम्ही सव्वाशे पावलांवर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसलो. अर्ध्या तासाने एका भोकातून तपकिरी डोके वर आले, मग दुसरे, मग तिसरे. पिल्ले एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मादी बांधावर बसून चारी दिशा न्याहाळत होती.

खोकडाच्या कुटुंबाची मांडणी त्या बांधावर पुरती दिसत होती. नर-मादी जोडीने राहतात, आणि ही जोडी पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते. डिसेंबर-जानेवारीत त्यांचे मीलन होते. 50 ते 53 दिवसांनी, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, बिळात दोन ते चार पिल्ले जन्मतात. पहिले काही आठवडे ती आतच राहतात. पुढे दोन्ही पालक पहारा देतात आणि अन्न आणतात. नर त्या दिवशी उशिरा आला. त्याच्या तोंडात काहीतरी लोंबत होते. ते टाकताच पिल्ले त्याच्यावर तुटून पडली. पावसाळा सुरू होतो तेव्हा पिल्ले आपापली वाट धरतात.

बीळ हा या जीवनाचा आधार आहे. काही बिळे साधी, दोन तोंडांची असतात; काही वर्षानुवर्षे वाढत जाऊन अनेक तोंडांची होतात. एखाद्या तोंडातून धोका शिरला तर दुसऱ्यातून निसटता येते. एकच बीळ अनेक वर्षे वापरले जाते. नान्नजच्या परिसरातल्या बिळांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. पिल्लांसाठी बीळ निवडताना खोकड मूळ गवताळ जमिनीला ठळक पसंती देते आणि माणसांची वर्दळ टाळते, हे त्यातून दिसले. मात्र त्याच गवताळ जमिनीत माणसाने घातलेला मातीचा बांध असेल तर त्याचा उपयोग ते आनंदाने करते. मुरमाड जमिनीपेक्षा बांधाची माती उकरायला सोपी आणि पावसाच्या पाण्यापेक्षा उंच असते. म्हणजे मृदसंधारणासाठी घातलेला बांध खोकडाला चालतो, त्याभोवतीचे गवत गेलेले चालत नाही.

कडबनवाडीच्या शिवारात एका म्हाताऱ्या धनगरबाबांची गाठ पडली. बाबा म्हणाले, “खोकड काय करणार? शेरडाला तोंड लावत नाही. लांडगा आला तर झोप उडते, खोकड आलं तर उंदीर कमी होतात.” मेंढपाळांच्या अनुभवाला शास्त्राचा दुजोरा आहे: दोन-तीन किलोच्या प्राण्याला मेंढी हे सावज नव्हेच. गावातली कोंबडी कधीतरी जाते, पण शेतातल्या उंदरांच्या तुलनेत तो हिशेब किरकोळ ठरतो.

तरीही माणसाने खोकडाला सुखाने राहू दिले असे नाही. त्याचे कातडे व्यापारात फारसे चालत नाही. मांस, दात आणि नखे यांसाठी मात्र ते मारले गेले, कारण त्यांत औषधी गुण असल्याची समजूत होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ग्रेहाउंड कुत्री मागे सोडून खोकडाचा पाठलाग हा खेळ केला. ते झटक्यात दिशा बदलते, म्हणून त्या काळच्या प्राणिवर्णनांत त्याच्या वळणांचे कौतुक आहे. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.

इंदापूरहून सोलापूरचा रस्ता भीमेच्या खोऱ्यातून जातो. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने या पट्ट्याचे रूप बदलले. जिथे बाजरी, ज्वारी आणि गवत होते तिथे ऊस उभा आहे. पाणी आले, पैसा आला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पिढ्यांची प्रतीक्षा संपली. पण उसात खोकडाला दूरचे दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि बीळ करायला जागा उरत नाही. टेंभुर्णीच्या पुढे महामार्गाच्या कडेला एक मेलेले खोकड पडलेले होते, शेपटीचे काळे टोक वाऱ्याने हलत होते. चौपदरी रस्त्याने माळाचे दोन तुकडे केले, की रात्री उंदराच्या मागावर निघालेल्या प्राण्याला तो ओलांडावाच लागतो.

शेवटचा मुक्काम नान्नज, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, बार्शीच्या रस्त्यावर. इथले माळढोक अभयारण्य 1979 साली घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र कागदोपत्री 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, रस्ते सगळेच आले होते, म्हणून पुढे ते पुष्कळ कमी करण्यात आले. नान्नजची दुसरी ओळख द्राक्षांची. सोनाका हे वाण याच गावच्या शेतकऱ्याने तयार केले. अभयारण्याच्या कुंपणापाशी उभे राहिले की एका हाताला द्राक्षबागा आणि दुसऱ्या हाताला खोकडाचा माळ दिसतो. इसापाच्या गोष्टीतली दोन्ही पात्रे इथे शेजारी राहतात, फक्त प्राण्याचे नाव बदललेले.

भारतीय खोकडाविषयी आज जे नेमके कळते, त्यातले बरेचसे याच माळाने शिकवले. संशोधक अबी तमीम वनक यांनी इथल्या खोकडांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा मागोवा घेतला. खोकड शेते आणि लावलेली झाडी टाळून मूळ गवताळ भागातच जास्तीत जास्त वेळ काढते, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरा धडा कुत्र्यांविषयी होता. खोकडासाठी अन्न ठेवून जवळपास कुत्रा असताना काय होते हे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले. कुत्रा दिसला की खोकड कमी खाते आणि जास्त वेळ सावधपणे पाहत राहते. कुत्र्याने चावा घेतला नाही तरी त्याचे नुसते असणे खोकडाचे पोट रिकामे ठेवते. शिवाय कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार खोकडांपर्यंत पोचतो. वाड्या-वस्त्यांवरच्या, मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांचे लसीकरण हा म्हणूनच खोकडाच्या संरक्षणाचाही भाग आहे.

झाडांचा प्रश्न याहून नाजूक आहे. झाड लावणे हे पुण्य, ही आपली खोलवरची श्रद्धा. माळ उघडा दिसला की त्यावर गिरीपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावावीशी वाटते. सरकारी दप्तरात या जमिनीचे नाव ‘पडीक’. पण इथला माळ जंगल तुटून झालेला नाही. कमी पाऊस आणि पातळ माती यांनी घडवलेली ती स्वतंत्र, जुनी सृष्टी आहे. तिथे धाविक, टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. काळवीट, लांडगा, खोकड मोकळी नजर राखून जगतात. दाट झाडी वाढली की ही नजर संपते. खोकडाला कोल्हा म्हटले की खोकड विस्मरणात जाते. माळाला पडीक म्हटले की माळ नांगरता येतो, विकता येतो, झाडांनी भरता येतो. दोन्हीकडे चूक नावात सुरू होते आणि परिणाम जमिनीवर दिसतो.

नान्नजला सूर्य मावळताना निरीक्षण मनोऱ्यावरून मोजले तर चार खोकडे दिसली. दोन गवतात उंदीर ऐकत होती, एक बांधावर बसले होते, एक द्राक्षबागेच्या तारेपर्यंत जाऊन माघारी वळले. अंधार पडल्यावर त्यांतल्या एकाने तुटक, खरखरीत आवाज काढला. दूरवर कोल्ह्यांची लांबलचक कुई सुरू झाली होती. दोन्ही आवाज इतके वेगळे होते, की ते एकदा ऐकलेला माणूस या दोन प्राण्यांना पुन्हा एका नावाने हाक मारणार नाही.