कोंडला की लांबतो

लॅम्डा हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. त्याच्या डीएनएत 48,502 बेसजोड्या असतात. हा रेणू सरळ ताणला, तर साडेसोळा मायक्रोमीटर भरतो. पाण्यात मोकळा सोडला की मात्र तो सरळ राहत नाही. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देत राहतात आणि तो स्वतःभोवतीच गुरफटतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो नुसता थरथरणारा ठिपका.

स्वीडनमधल्या लुंडला पीएचडीसाठी गेले, तेव्हा सुरुवातीचे महिने हे ठिपके बघण्यातच गेले. सिलिकाच्या चिपवर इलेक्ट्रॉनच्या झोताच्या मदतीने कोरलेल्या नळ्या होत्या, रुंदी 100 नॅनोमीटरच्या आसपास. त्यांत हा डीएनए शिरवायचा होता. डीएनए दिसावा म्हणून त्याला योयो-1 हा चमकणारा रंग लावायचा. रंगवलेला डीएनए निळ्या प्रकाशात तुटतो, म्हणून सोबत मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं. त्याची दुर्गंधी कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायची.

डीएनए नळीत आपण होऊन शिरत नाही. मोकळ्या पाण्यात त्याला वळायच्या, दुमडायच्या असंख्य तऱ्हा असतात. नळीत त्यातल्या बहुतेक बंद होतात. हा एंट्रॉपीचा तोटा भरून काढायला बाहेरून जोर लावावा लागतो. आम्ही नायट्रोजनचा दाब द्यायचो. ठिपका तोंडाशी घुटमळायचा, मग एकदम त्याचा काही भाग आत सापडायचा आणि उरलेला मागोमाग ओढला जायचा. असा जोर मध्येच काढून घेतला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 2002 मध्ये दाखवलं गेलं. सूक्ष्म खांबांच्या दाटीत विद्युतक्षेत्राने अर्धवट ढकललेला डीएनए, ते क्षेत्र बंद करताच, कोणी न ओढता बाहेर आला. पूर्ण आत गेलेले रेणू मात्र जागीच राहिले.

आत गेलेल्या रेणूकडे बघताना मला सगळ्यात जास्त नवल वाटायचं. त्याला कोणी ताणत नसतं, तरी तो लांब झालेला असतो. 2004 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने 100 नॅनोमीटरच्या नळीत लॅम्डाच्या डीएनएची लांबी सरासरी 8 मायक्रोमीटर मोजली होती.

याचं एक उत्तर फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर-जिल द जेन यांनी 1970च्या दशकातच देऊन ठेवलं होतं. नळीतली साखळी म्हणजे नळीच्या रुंदीएवढ्या गोळ्यांची माळ, असं त्यांनी मानलं. साखळीचे दोन तुकडे एकाच जागी राहू शकत नाहीत, त्यामुळे गोळे एकमेकांत न मिसळता रांगेत बसतात. नेदरलंड्सच्या थिओ ओडाइक यांनी 1983 मध्ये याहून अरुंद नळीचा विचार केला. डीएनए साधारण 50 नॅनोमीटरपर्यंत ताठ राहतो. त्याहून अरुंद जागेत त्याला मागे वळताच येत नाही. तो भिंतीला लागतो, किंचित वाकतो आणि पुढच्या भिंतीकडे जातो.

आमच्या नळ्या या दोन चित्रांच्या मधोमध. आलेखावर दोन सिद्धांतांच्या दोन सुबक रेषा असायच्या आणि माझे बिंदू दोहोंनाही जुमानत नसत. या मधल्या पट्ट्यासाठी वेगळे सिद्धांत मांडावे लागले, त्यावर बरेच वादही झाले.

सिद्धांताचा वाद काहीही असो, नळीतल्या डीएनएची लांबी त्याच्या खऱ्या लांबीच्या प्रमाणात असते, म्हणून रेणूवरची खूण चित्रात कुठे आहे, यावरून ती जनुकक्रमात कुठे आहे हे कळतं. योयो-1 सोबत नेट्रॉप्सिन घातलं की ते ए आणि टी हे बेस जास्त असलेल्या भागांना चिकटून तिथे रंगाला जागा देत नाही आणि रेणूवर उजळ-अंधाऱ्या पट्ट्या उमटतात. गोथेनबर्गमधल्या चाल्मर्स विद्यापीठात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचे प्लाझ्मिड असे तपासले जातात. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतला सुटा, बहुधा वर्तुळाकार डीएनए. प्रकाशाने तो एका जागी तुटला की नळीतल्या नळीत उलगडून लांब होतो. एरवी आम्ही टाळत असलेलं हे तुटणं इथे कामाचं ठरतं. दोन रुग्णांकडच्या जिवाणूंत एकच प्लाझ्मिड फिरतोय का, हे मग पट्ट्या जुळवून ताडता येतं.