ॲ-चा चंद्र

पोखर्णी फाट्यावर बोर्ड रंगवायला घेतला की मी आधी ब्रश नाही, दोरा उचलतो. खडू चोळलेला दोरा ताणून दोन ओळी मारायच्या, एक शिरोरेषेची, एक पायाची. खरं काम मात्र या ओळींच्या बाहेरच असतं. आमच्या गावाचंच घ्या, पोखर्णी नृसिंह. र्णी-वर रफार आणि वेलांटी, सिं-वर वेलांटी आणि टिंब, नृ-च्या पायाशी ऋकार. वरखाली जागा सोडली नाही तर देवाचं नाव पत्र्याच्या कडेला घासतं.

त्यात ॲ आला की बघायलाच नको. आणि तो येतोच: ॲग्रो, ॲकॅडमी, ॲडव्होकेट. चंद्राचं पोट अ-च्या दंडावर बरोबर बसायला हवं. जरा डावीकडे गेलं की अक्षरानं टोपी तिरकी घातल्यासारखी दिसते. पोटात ब्रश दाबायचा, टोकांना उचलायचा. टोकं जाड झाली तर रस्त्यावरून नुसता डाग दिसतो. ‘बँक’मध्ये तर चंद्राच्या पोटात अनुस्वारही बसवायचा.

हिंदीवाले ‘बैंक’ लिहून मोकळे होतात, कारण त्यांचा ऐ उच्चारातच तिकडं झुकतो. आपला ऐ ‘अइ’कडं जातो, म्हणून मराठीला चंद्र लागला. गुजरातीनंही तो घेतला. फिनिश भाषेत जवळपास याच उच्चारासाठी रोमन ए-वर दोन टिंबं देतात. जर्मनमध्येही तीच टिंबं आहेत. मुळात तो डोक्यावर लिहिलेला छोटा रोमन ई, झिजून टिंबं झालेला! जर्मन कोशात हे अक्षर ए-सोबतच लावतात, फिनिशमध्ये पार झेडच्या पुढं.

आपल्याकडं ॲ आणि ऑ यांना शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेतल्या स्वरांत जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ-ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर अ आणि चंद्र वेगळे टाइप करा, नाहीतर ए-वर चंद्र चढवा. फ्लेक्सवाल्यांच्या हाताला ती ‘ऍ’ची सवय अजून आहे. मला ते अक्षर बघवत नाही. बाराखडीत अ-चा सगळा संसार असताना या एकालाच ए-च्या घरी कशाला पाठवायचं?

गिऱ्हाईक मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवतं, “पेंटर, हेच अक्षर काढा.” मी हो म्हणतो आणि अ-वरच चंद्र देतो. अजून कुणी पैसे देताना अडवलेलं नाही.